आधी कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी: इंग्रजी घेणाऱ्या लेकीसाठी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी जूनमध्ये बारावी संपवते आहे. तिला इंग्रजी साहित्य शिकायचंय, इतिहासही आवडतो. बर्कलीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या तिथल्या कॅम्पसला, प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजात मिळाला, पण तिथला खर्च झेपणारा नाही. मुलगीच म्हणते आहे की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकते आणि मग ट्रान्सफर होते, म्हणजे तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाते. घरच्यांना धास्ती वाटते. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, ‘अगं, ज्युनिअर कॉलेज झालं ना तिचं, आता परत कशाला?’ इथल्या ओळखीच्या मंडळींनी सांगितलं की तिथे नापास झालेली मुलं जातात. तर ही दोन वर्षं वाया जातील का, कोर्स कोणते घ्यावेत, बर्कलीची आशा धरावी का, आणि आम्ही एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आहोत त्याचं काय, हे त्यांना हवं आहे.

मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात २२ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. त्याआधी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून बीए केलं, तेही इंग्रजीच घेऊन. दोन्हीकडचे वर्ग आतून पाहिलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या फोनपासून सुरुवात करू, कारण तिथे घोळ फक्त शब्दाचा आहे. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत हेच नाव बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजला होतं. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला १९१० साली. पुढे त्यांनाच कम्युनिटी कॉलेज म्हणायला लागले. सासूबाईंना सांगा की ही एफवाय-एसवायची वर्षं आहेत. आपल्याकडे बीएला आधी जनरल इंग्लिश आणि मग स्पेशल इंग्लिश असायचं, तशी इथे पदवीची चार वर्षं मधोमध विभागलेली असतात. पहिल्या दोन वर्षांत सगळ्या विषयांची ओळख आणि मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, पाया होतो. खरं स्पेशलायझेशन तिसऱ्या वर्षापासून. तो पहिला अर्धा भाग कम्युनिटी कॉलेजात करायचा, दुसरा युनिव्हर्सिटीत. पदवी युनिव्हर्सिटीचीच मिळते, आणि तिच्यावर कम्युनिटी कॉलेजचं नाव कुठेही नसतं.

नापासांचं कॉलेज म्हणणाऱ्यांना १९६० सालचा मास्टर प्लॅन माहीत नसतो. क्लार्क कर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे युसीचे, अध्यक्ष असताना राज्याने उच्च शिक्षणाची तीन थरांची आखणी केली. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना युसी, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. शिवाय तिथे चांगलं शिकलेल्याला तिसऱ्या वर्षी वरच्या दोन्हींत जागा. म्हणजे ट्रान्सफर ही मागच्या दाराची सोय नव्हे, घर बांधतानाच ते दार ठेवलेलं आहे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत, आणि युसीत दरवर्षी ट्रान्सफर होऊन येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांमागे नऊपेक्षा जास्त याच कॉलेजांतून येतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या मापाला, ४६ डॉलर फी आहे. वर्षाला ३० युनिट धरले तर १,३८० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. युसीची नुसती ट्यूशन आणि सक्तीची फी मिळून वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर जाते, राहण्या-खाण्याचे वेगळे.

पण पैसे वाचतात म्हणूनच हा रस्ता घ्यायचा, असं तुमच्या लेकीला कोणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. इंग्रजी आणि मानव्यविद्या शिकणाऱ्या मुलासाठी ही दोन वर्षं स्वतःच्या गुणावर उभी राहतात. कारण या दोन वर्षांत तिचं लिखाण कुणीतरी ओळ अन् ओळ वाचणार आहे.

इथे मला स्वतःचं सांगायला हवं. बीएच्या तीन वर्षांत मी किती पानं लिहिली असतील याची गणती नाही, पण माझ्या एकाही वाक्याखाली कुणी पेन्सिलीने रेघ मारून ‘हे कशावरून म्हणतेस?’ असं विचारलं नाही. उत्तरं पाठ करायची, मार्चमध्ये पेपर लिहायचा आणि जूनमध्ये आकडा कळायचा. त्यात शिक्षकांचा दोष नव्हता. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं होती.

आमच्याकडे लेखनाच्या वर्गात साधारण पंचवीस ते तीस जण असतात. शिकवणारा एमए किंवा पीएचडी झालेला असतो आणि त्याची नेमणूक शिकवण्यासाठीच असते, संशोधनासाठी नाही. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाचे लेखनवर्ग बरेचदा पीएचडी करणारे विद्यार्थीच घेतात. आमच्याकडे ज्याच्या दारावर पाटी आहे तोच निबंध तपासतो.

एक प्रसंग सांगते. रात्रीचा वर्ग होता, साडेसहा ते सव्वानऊ. बापावरची एक छोटी कविता वाचायला दिली होती. त्यातला बाप थंडीत सगळ्यांच्या आधी उठून घरातली कामं करतो आणि बोलत मात्र काही नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं म्हणाली, बाप कोरडा आहे, मुलावर त्याचं प्रेम नाही. मागच्या बाकावर गोदामात काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ बसायचे. ते म्हणाले, ‘तो कोरडा नाहीये, तो दमलाय. दमलेला माणूस हातांनी बोलतो.’ वर्ग गप्प झाला. पुढच्या रांगेत एक तेलुगू मुलगी होती. तिच्या निबंधाच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये वाक्य होतं, ‘कवीने पित्याच्या प्रेमाचे अत्यंत प्रभावी चित्रण केले आहे.’ आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलेलं वाक्य. मी समासात एवढंच लिहिलं, ‘कुठल्या शब्दात?’ ती ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शिक्षकाला भेटायच्या ठरलेल्या वेळेत, आली. आम्ही दोघींनी कवितेतली फक्त क्रियापदं एका कागदावर उतरवली. बापाची क्रियापदं सगळी कामाची निघाली, मुलाची सगळी ऐकण्याची आणि घाबरण्याची. शेवटच्या दोन ओळींत मुलगा पहिल्यांदा प्रश्न विचारतो. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे त्याला हे मोठेपणी कळलंय.’ तिसऱ्या ड्राफ्टमध्ये ‘प्रभावी चित्रण’ नव्हतं, क्रियापदांबद्दल दीड पान होतं. त्या मुलीला वाचायचं कसं ते त्या आठवड्यात कळलं, आणि त्यात गोदामातल्या त्या गृहस्थांचा वाटा माझ्याइतकाच होता.

असा वर्ग युनिव्हर्सिटीच्या होस्टेलात राहणाऱ्या, एकाच वयाच्या मुलांमध्ये मिळत नाही. आमच्या वर्गात लष्करातून परतलेले असतात, रात्रपाळी करून आलेल्या नर्सिंग असिस्टंट असतात, नातवंडांना शाळेत सोडून येणाऱ्या आज्या असतात. साहित्य वाचायला याहून चांगली संगत मला माहीत नाही.

म्हणून कोर्सांबद्दल माझा पहिला सल्ला हा, की लेखनाच्या कोर्सांकडे ‘उरकून टाकायची गोष्ट’ म्हणून बघू नका. २०२५ च्या शरद सत्रापासून राज्यभर काही कोर्सांना एकच क्रमांक दिले गेलेत. पहिला लेखनवर्ग आता इंग्लिश सी-१००० आणि चिकित्सक विचार व लेखनाचा वर्ग इंग्लिश सी-१००१. तुमच्या मुलीने शाळेत एपी इंग्रजीची, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा दिली असेल आणि तीन किंवा वर गुण असतील, तर सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजर कुठलंही असलं तरी करायच्या कोर्सांच्या, यादीतला पहिला कोर्स सुटतो. दुसरा एपीने सुटत नाही. बरेच आईवडील पहिला सोडायला लावतात आणि मुलगी थेट दुसऱ्यात जाऊन बसते. ती लिहिण्यात खरंच तयार असेल तर हरकत नाही. पण शाळेतल्या पाच परिच्छेदांच्या साच्यातच लिहीत असेल, तर पहिला कोर्स घेऊ द्या. एपीचे आणि या कोर्सचे युनिट युसी वेगवेगळे मोजणार नाही, एवढाच तोटा आहे.

शिक्षक निवडताना जरा चौकशी करा. आमच्या वर्गांपैकी बरेचसे अर्धवेळ शिक्षक घेतात. तीन-तीन कॉलेजांत शिकवत गाडीतच अर्धा दिवस घालवतात, म्हणून त्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात. त्यांच्यातले काही माझ्या पाहण्यातले उत्तम शिक्षक आहेत, पण त्यांना बसायला ऑफिस नसतं आणि पुढच्या सत्रात ते असतीलच असं नाही. तुमच्या मुलीने एक तरी पूर्णवेळ प्राध्यापक असा धरावा, ज्याच्याकडे ती दोन-तीन कोर्स घेईल. दीड वर्ष तिचं लिखाण बघणारा माणूस तिच्या उपयोगी पडेल. युसीच्या अर्जाला शिफारसपत्रं सहसा लागत नाहीत, पण खासगी विद्यापीठांना आणि लिबरल आर्ट्स कॉलेजांना लागतात. ती पत्रं अशा माणसानेच लिहावीत.

आता कागदपत्रांचा भाग. ‘असिस्ट’ नावाची राज्याची सरकारी वेबसाइट आहे. तिथे वर्ष, तुमचं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकाने दिसतात. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स. इंग्रजीच्या बाबतीत उजवीकडे काही वेळा ‘समतुल्य कोर्स नाही’ असं येतं. घाबरू नका. याचा अर्थ तो कोर्स ट्रान्सफर झाल्यावर तिथे करायचा. पण शेजारच्या कॉलेजात तो आहे का हे बघून घ्या. फ्रीमाँटला ओलोनी आहे, हेवर्डला शाबो, कुपर्टिनोला डी अँझा. एका वेळी दोन कॉलेजांत कोर्स घेता येतात. फक्त डी अँझा आणि तिच्या शेजारचं फूटहिल क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर, चालतात, बाकीची सेमिस्टरवर, तेव्हा तारखा आणि युनिट नीट जुळवा. क्वार्टरचा दीड युनिट म्हणजे सेमिस्टरचा एक.

साहित्याच्या मुलांना एक अडचण हमखास येते. ब्रिटिश साहित्याचा आढावा, अमेरिकन साहित्याचा आढावा, जागतिक साहित्य हे कोर्स बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच लागतात, आणि नावं कमी आली तर पहिल्या आठवड्यातच रद्द होतात. ‘पुढच्या वर्षी घेऊ’ म्हणून थांबलेल्या मुली मी रडताना पाहिल्यात. लागला की घ्यायचा. वर्ग भरायला दोन डोकी कमी पडत असतील तर मैत्रिणींना घेऊन या. अक्षरशः असे वर्ग वाचलेत.

सामान्य शिक्षणाच्या यादीला आता कॅल-गेटसी म्हणतात. २०२५ च्या शरद सत्रात नव्याने आलेल्यांना जुन्या आयगेटसीऐवजी तीच लागू झाली. ३४ युनिटांचे अकरा कोर्स. त्यात दोन लेखनाचे, एक वक्तृत्वाचा, एक गणित किंवा संख्याशास्त्र, कला आणि मानव्यविद्यांचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन, विज्ञानाचे दोन, प्रयोगशाळेसह, आणि एक एथ्निक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समाजांचा अभ्यास. जुन्या यादीत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट होती, ती नव्या यादीत नाही. इथे सावध राहा. यादीत नाही म्हणून भाषा सोडून द्यायची नाही. साहित्य आणि इतिहासाच्या विभागांना, आणि पुढे एमए-पीएचडीला, दुसरी भाषा लागते. दोन वर्षांत स्पॅनिश किंवा फ्रेंच नीट शिकून घेतली तर तिसऱ्या वर्षी वरच्या कोर्सांसाठी वेळ मोकळा मिळतो. मराठी घरातल्या मुलीला भाषा शिकायचं वळण आधीपासून असतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत ती गेली असेल तर तिला विभक्ती, लिंग, क्रियापदाची रूपं नवीन नाहीत.

गणिताला मानव्यविद्यांची मुलं घाबरतात. संख्याशास्त्राचा एक कोर्स पुरतो, तोही पहिल्या वर्षात संपवा. शेवटच्या सत्राला ठेवलेलं गणित हे ट्रान्सफर अडकायचं मोठं कारण आहे.

तारखांबद्दल मात्र मी जरा कडक बोलते, कारण इथे सगळ्यांची गफलत होते. म्हणायला ही दोन वर्षं. प्रत्यक्षात युसीचा अर्ज दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जातो. ऑगस्टमध्ये सुरू केलं तर पंधरा महिन्यांत. अर्ज वाचणाऱ्यापुढे तेव्हा पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचेच गुण असतात. शरद सत्राचे गुण जानेवारीत वेगळे कळवायचे. म्हणजे इंग्रजी की इतिहास हे पहिल्या वर्षाच्या वसंत सत्रातच ठरायला हवं. दोन्ही आवडत असतील तर पहिल्या सत्रात इतिहासाचा एक आढावा कोर्स आणि साहित्याचा एक, शेजारी शेजारी घेऊन बघा. कुठला निबंध लिहिताना तिला रात्री झोपावंसं वाटत नाही, यावरून कळतं.

युसीच्या किमान अटी अशा. ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट, रहिवाशांसाठी २.४ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर विषयांचे चार. पण २.४ वर युसीचं चांगलं कॅम्पस मिळेल असं कुणी समजू नये. ती फक्त अर्ज वाचला जाण्याची अट आहे.

बर्कलीची आशा जरूर धरा, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. सहा कॅम्पसांची ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी असते, तिला टॅग म्हणतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. यातलं एकच कॅम्पस निवडायचं, सप्टेंबर महिन्यात टॅगचा अर्ज भरायचा, ठरलेला जीपीए आणि कोर्स पुरे केले की जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. तेव्हा डेव्हिस किंवा सँटा क्रूझची टॅग खिशात ठेवा आणि नोव्हेंबरच्या अर्जात बर्कलीही टाका. लॉस एंजेलिससाठी काही कॉलेजांत ऑनर्सच्या विद्यार्थ्यांकरता ट्रान्सफर अलायन्स प्रोग्राम आहे, त्यात असेल तर अर्जाला बळ येतं. आणि सीएसयूचा रस्ता विसरू नका. २०१० च्या कायद्याने असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी आली. ती इंग्रजीत किंवा इतिहासात ६० युनिटांत पुरी केली की सीएसयूत कुठेतरी जागा हमखास मिळते आणि उरलेल्या ६० युनिटांत पदवी. शाळेत शिक्षिका व्हायचं असेल तर सीएसयूला मी दुय्यम मानत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचं वर्ष कसं वाया गेलं ते सांगते. त्याने दुसऱ्या एका कॉलेजात साहित्याचा एक कोर्स घेतला. काउन्सेलर म्हणाले, ‘हा ट्रान्सफर होतो.’ होत होता, पण सीएसयूला. युसीला नाही. एप्रिलमध्ये कळलं. काउन्सेलर वाईट नव्हते, त्यांच्याकडे शेकडो मुलं होती आणि वीस मिनिटांची भेट होती. म्हणून प्रत्येक कोर्स घेण्याआधी मुलीने स्वतः ‘असिस्ट’वर बघावं, त्या दिवसाचं पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवावं, आणि काउन्सेलरने लेखी दिलेला शैक्षणिक आराखडा जपून ठेवावा. हे काम आईवडिलांनी करू नये. एकदा ती कॉलेजात गेली की कॉलेज तुमच्याशी तिच्या गुणांबद्दल बोलणारही नाही. खासगीपणाचा कायदाच तसा आहे.

या रस्त्याची कमकुवत बाजू मी लपवणार नाही. ट्रान्सफर व्हायचं म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण होत नाहीत. नोकरीचे तास वाढतात, घरी कुणी आजारी पडतं, एक कोर्स सुटतो, मग एक सत्र सुटतं. होस्टेल बहुतेक ठिकाणी नाही, वर्ग सुटला की सगळे पार्किंगकडे धावतात, आणि अठरा वर्षांच्या मुलीला एकटं वाटतं. यावर माझ्या अनुभवात एकच उपाय लागू पडला आहे. कॉलेजात वर्गाबाहेर बसायची एक जागा शोधायची. वाङ्मयीन मासिकाचं संपादक मंडळ, विद्यार्थी वर्तमानपत्र, नाहीतर लेखन केंद्रात ट्यूटरची नोकरी. त्यातही ट्यूटरची नोकरी मला फार मोलाची वाटते. तासाला थोडे पैसे मिळतात, पण दुसऱ्याचा बिघडलेला परिच्छेद समोर घेऊन ‘तुला इथे काय म्हणायचं होतं?’ असं शंभर वेळा विचारलं की स्वतःचा परिच्छेद आपोआप सुधारतो.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल म्हणून सांगते. यंत्राकडून निबंध लिहून घेणारी मुलं आता प्रत्येक वर्गात आहेत. आम्ही वर्गात बसून हाताने लिहायला परत सुरुवात केली आहे आणि ड्राफ्टवर समोरासमोर बोलतो. तुमच्या मुलीला एकच सांगा, वाक्य अडखळलं तर अडखळू दे. मला अडखळलेल्या वाक्यातून ती काय विचार करते ते दिसतं. गुळगुळीत वाक्यातून काहीच दिसत नाही.

युसीच्या अर्जात चार छोटी टिपणं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. ट्रान्सफरच्या मुलांना त्यातलं एक सक्तीचं, आपल्या मेजरसाठी तुम्ही कशी तयारी केलीत. उरलेली तीन सात प्रश्नांतून निवडायची. इंग्रजीची मुलं हमखास ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड’ असं सुरू करतात. ते पूर्ण खोडायचं. त्याऐवजी एका पेपरबद्दल लिहायचं. प्रश्न काय होता, कुठे अडलं, दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मत का बदललं. त्या तेलुगू मुलीने क्रियापदांच्या कागदाबद्दल लिहिलं होतं. ती डेव्हिसला गेली.

गेल्यावर पहिलं सत्र जड जातं, हे आधीच माहीत असू द्या. डेव्हिस क्वार्टरवर आहे, दहा आठवड्यांत सगळं संपतं. सेमिस्टरची सवय असलेल्याला तिसऱ्या आठवड्यातच परीक्षा बघून धाप लागते. निबंध पाच पानांवरून दहा-बारा पानांवर जातात आणि समीक्षकांचे लेख वाचून त्यांच्याशी वाद घालावा लागतो. बर्कली सेमिस्टरवर आहे, तिथे निदान वेग ओळखीचा असतो. कम्युनिटी कॉलेजातल्या शेवटच्या सत्रात एक तरी मोठा संशोधन निबंध लिहून जा, ग्रंथपालाच्या मदतीने डेटाबेस वापरायला शिकून जा. पहिल्या सत्रात गुण घसरले तर घरून कुणी ‘तरी सांगत होतो’ म्हणू नये, एवढी विनंती.

इंग्रजी घेऊन पुढे काय, हेही घरात चाललंच असेल. माझ्या विद्यार्थ्यांमधून शाळेतल्या शिक्षिका झाल्या, वकील झाले, तांत्रिक लेखन करणारे झाले, संस्थांसाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहिणारे झाले, एक ग्रंथपाल झाली. संगणकवाल्यांइतका पहिला पगार मिळत नाही, हे खरं आहे आणि मुलीला ते आजच सांगा. आमच्या कॉलेजात शिकवायला एमए लागते, आणि पूर्णवेळ जागा फार थोड्या निघतात. तेही सांगा. मग ती तरीही इंग्रजीच म्हणाली तर तिच्या मागे उभे राहा.

शेवटी एच-फोर. एच-फोरवरचं मूल कॅलिफोर्नियात रहिवासी फीसाठी पात्र ठरू शकतं. सत्र सुरू होण्याआधी एक वर्षाहून जास्त काळ इथे राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद द्यावे लागतात. आईवडिलांचे टॅक्स रिटर्न, भाडेकरार, मुलीचं शाळेचं ट्रान्सक्रिप्ट हे सगळं जमवून अॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स ऑफिसला जा आणि रेसिडेन्सी बघणाऱ्या माणसाला भेटा. नोंदणीच्या आदल्या आठवड्यात नाही, आत्ताच. फॅफ्साचा अर्ज भरून मिळणारी सरकारी फेडरल मदत एच-फोरवर मिळत नाही, हे धरून बजेट करा. आणि २१ व्या वाढदिवसाला ती एच-फोरमधून बाहेर पडते. आज ती अठराची असेल तर तो दिवस ट्रान्सफर झाल्यावर पहिल्याच वर्षात येतो, आणि एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेल्यास फीचा गट बदलू शकतो. दोन वर्षांनी नव्हे, या उन्हाळ्यात इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या. ग्रीन कार्डची रांग किती पुढे आहे त्यावर तिची सगळी आखणी बदलते. एखाद-दुसरं सत्र आधी ट्रान्सफर व्हावं का, उन्हाळी कोर्स घ्यावेत का, हे त्यानंतरच ठरवता येईल.

तोवर मुलीला एक काम द्या. ओलोनीच्या शरद सत्राचं वेळापत्रक उघडून इंग्लिश सी-१००० चे सगळे वर्ग कोण शिकवतंय ते बघायचं, आणि त्यातल्या दोघांना ईमेल करून मागच्या सत्राचा सिलॅबस मागायचा. बहुतेक जण पाठवतात. सिलॅबसमध्ये ‘ड्राफ्ट’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजायचं. ज्याच्यात जास्त वेळा येतो, त्या वर्गात नाव घालायचं.